गाळलेली ओवी

नवसाबाईंच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागं मी, डोक्यावरचं इरलं सावरत. पाऊस आडवा लागत होता. समोरचा ओटा कोरडा होता, पण आत्याबाईंनी त्यावर पाय ठेवला नाही. पागोळ्या पडत होत्या तिथंच, चिखलात, त्या थांबल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, धोंडाबाई. शेणाची पाटी उचलायला मला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारी बाई. त्यांना असं हात जोडून उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला राग येत होता.

"माझा कोंडाजी हिरड्यावरनं पडला," त्या म्हणाल्या. "पाय मोडून पडलाय. घरात आमी दोघीच. रोप जून होऊन पेर धरायला लागलंय, बाय. औंदा आमच्या खाचरात इरजीक घ्या."

नवसाबाई उंबऱ्याच्या आत बसून सुपात नागली पाखडत होत्या. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि आवणीचं गाणं उचलण्याचा मानही त्यांचाच. त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ सुपाचा आवाज तेवढा चालू राहिला.

"येऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "परवा."

"आन् जेवान?"

सूप थांबलं. "जेवनाचं तवा बघू."

परत येताना आत्याबाईंच्या पायांना जोर आला होता. घरी पोचल्यावर ओलं लुगडंही न बदलता त्यांनी गाडग्यातले वाल काढून भिजत घातले. परवाच्या जेवणाचे वाल आज भिजवून काय करणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून मी गिळलं.

आमच्या डोंगरी भागात भाताची लावणी एकट्यादुकट्याच्या हातची नसते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, असं सगळी वाडी मिळून आवणी उरकते, आणि ज्याचं शेत त्यानं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. हीच इरजीक. फक्त आमच्या खाचरात कोणी येत नसे आणि आमच्या घरचं कोणी जेवत नसे. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. नदीवर बायका माझ्याशी बोलत, माझ्या घाटाखालच्या बोलण्याची टिंगल करत, उवाही बघून देत. पण माझ्या घागरीतलं पाणी कोणी ओंजळीत घेतलं नाही. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. मी आधी ते मनावर घेतलं नाही. मग घेतलं, आणि नवऱ्याला धारेवर धरलं.

कोंडाजी तेव्हा बांबूच्या कामट्यांत पाय बांधून पडलेला. त्यानं आढ्याकडं बघत सगळं सांगितलं. इंग्रजांच्या काळात सुभान नाईक म्हणून नवसाबाईंच्या घराण्यातला एक पुरुष बंडात गेला होता. सावकारांची घरं फोडायचा, कागद जाळायचा, आणि पलटण आली की आमच्या वाडीमागच्या कड्यातल्या कपारीत बसायचा. कड्याखालचं शेवटचं घर आमचं. भाकरी आमच्या घरून जायची. पलटण दोन महिने घाटाखाली तळ देऊन बसली, तरी तो सापडला नाही. आणि मग चैत्रातल्या एका दुपारी आमच्या खाचरातून कुणा बाईनं ओवीत त्याला हाक मारली. सगळ्या वाडीनं बाईचा आवाज ऐकला. सुभान उतरून आला आणि बांधाआड दबा धरून बसलेल्या शिपायांनी त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी आंब्याला टांगला. हाक आमच्या खाचरातून गेली, वाट आमच्या घराला ठाऊक, मग बाईही आमच्याच घरची. याउपर पुराव्याची गरज वाडीला पडली नाही.

"मग होती का तुमच्या घरची?" मी विचारलं.

"आमाला काय म्हाईत," तो म्हणाला. "मेलेल्यांनी शिजवलं, ते आमी जेवतोय."

जवळपासच्या गावांतून या घरात कोणी मुलगी देत नसे. म्हणून घाट उतरून, जिथं सुभान नाईकाचं नाव कुणाला ठाऊक नाही अशा हेदगावात येऊन त्यांनी मला मागितलं होतं. माझा बाप भोळा. मुलाचं शेत पाहिलं, बैल पाहिले, आणि सुपारी फोडून मोकळा झाला.

सुभानचं गाणं वाडी दर आवणीला गात असे. त्या पावसाळ्यात मी ते लांबून, आमच्या बांधावरून ऐकलं होतं. नवसाबाई एक ओवी म्हणत आणि बायका ती उचलून धरत. मधेच एके ठिकाणी गाणं थांबे. काही वेळ नुसता पाण्याचा आवाज येई, आणि मग पुढची ओवी सुरू होई. दमल्या असतील, असं मला वाटे. आमच्या घरात ते गाणं गुणगुणायचीसुद्धा चोरी होती, त्यामुळं विचारणार कुणाला?

आदल्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी आत्याबाईंनी मला बजावलं. "उद्या त्या म्हनतील त्यांच्या मागं म्हन. तोंड मिटून ऱ्हाऊ नको. गान्यात तोंड असलं म्हंजी मानूस त्यांच्यातलं होतं."  गाणं जिथं थांबतं तिथं हाकेची ओवी गाळलेली आहे, हे मला सांगावं असं त्यांच्या मनात आलं नसावं. ती ओवी जगात कुणालाच येत नाही, अशी त्यांचीही खात्री होती. जी कुणाला येतच नाही ती म्हणू नको, असं कोण कुणाला सांगेल?

सकाळी धुकं कड्यावरून खाली ओघळत आलं आणि खाचरात बसलं. वीस-पंचवीस हातांपलीकडचं काही दिसेना. आत्याबाई अंधारातच उठून भाकरी थापायला बसल्या होत्या. वालाचं कालवण, खुरासणीची चटणी, गूळ घातलेला भात. वीस बायकांचा स्वयंपाक त्यांनी एकटीनं उरकला आणि मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही.

बायका आल्या त्या धुक्यातून एकीमागून एक, पाठीवर इरली घेऊन. आमच्या ओट्यावर कोणी टेकलं नाही. सरळ खाचरात उतरल्या. सगळ्यांत पुढं चिंधाबाई होती, जिभेची तिखट आणि हाताची भलती चपळ. नवसाबाई रांगेच्या मधोमध उभ्या राहिल्या. आत्याबाई एका टोकाला, मी त्यांच्या शेजारी.

भात लावताना तोंड लावलेल्या रोपांकडं असतं आणि माणूस मागं मागं सरकत जातं. आम्ही घराच्या बाजूनं सुरुवात केली होती, म्हणजे तोंडं घराकडं आणि पाठी कड्याकडं. वाकल्यावर इरलं डोक्यापासून कमरेपर्यंत झाकून टाकतं. मग आपले हात, आपले पाय आणि पायांच्या फटीतून मागचं थोडं पाणी, एवढंच काय ते दिसतं. शेजारणीचा नुसता आवाज कळतो.

नवसाबाईंनी गाणं उचललं. एवढ्या वयाच्या बाईचा आवाज इतका सरळ कसा, याचं मला नवल वाटलं.

"सुभान नाईक दादा, उतरू नको घाट,
गोऱ्याची रं पलटन, अडवून बसली वाट."

बायकांनी ओवी उचलली आणि मीही उचलली. आधी भीतभीत, मग मोकळेपणानं. शेजारून आत्याबाईंचाही आवाज येऊ लागला. घोगरा, बेसूर, कित्येक वर्षं बंद ठेवलेला. मला हसू आलं आणि रडूही आलं. पुढची ओवी आली.

"सुभान नाईक दादा, पानी पी रं झऱ्याचं,
नको ऐकू बोलनं, ओळखीच्या घराचं."

ओळखीचं घर म्हणजे आम्ही. आत्याबाईंनी तीही म्हटली. आवाज न बदलता म्हटली.

आणि मग गाणं थांबलं. हात चालू होते, रोपं पाण्यात शिरत होती, पण वीस बायकांपैकी एकीच्याही तोंडून शब्द नव्हता. मला वाटलं, दमल्या. आणि गाण्याची चाल अशी की तिथं पुढची ओवी आपोआप ओठांवर यावी. मला ती येत होती. आमच्या हेदगावात माझी आई भाकरीची पाटी घेऊन बांधावर यायची आणि शेतात असलेल्या बापाला नि चुलत्यांना याच चालीवर हाक मारायची. तिच्या आईकडून तिला आलेली. आमच्या लेखी ती जेवणाची हाक होती, दुसरं काही नाही. कोण दादा आणि कसली पलटण, हे मी आईला कधी विचारलंही नव्हतं. मी गळा मोकळा सोडून म्हटलं,

"ये रं दादा खाली, गेली पलटन माघारी,
थाळ्यामंदी निवतीया, नागलीची भाकरी."

कोणी उचललं नाही. उलट सगळ्या रांगेचे हात थांबले. इतका वेळ चाललेला पाण्याचा चुबुकचुबुक आवाज एकदम बंद पडला आणि इरल्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येऊ लागला. माझं काही तरी चुकलं हे कळलं, पण काय ते कळेना. मी मान वर करणार, तेवढ्यात आत्याबाईंचा चिखलानं भरलेला हात माझ्या मनगटावर बसला. त्यांनी मला तसंच वाकलेलं ठेवलं.

मागं, कड्याच्या बाजूला, दगड घरंगळला. मग आणखी एक. कुणीतरी उतरत होतं. घाईनं नाही, आणि चोरपावलांनीही नाही. ओळखीच्या वाटेनं माणूस घरी येतं तसं. बांधापाशी आल्यावर पावलं थांबली. नंतर पाण्यात एक पाय पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून दुसरा.

बायकांपैकी कोणी मागं वळलं नाही. चिखलात पाय ओढत ते आमच्याकडं येत गेलं आणि रांगेच्या मागं येऊन उभं राहिलं.

माझ्या दोन पायांच्या फटीतून मला त्याचे पाय दिसले. पुरुषाचे, काळे, नडग्या बारीक झालेल्या, जशा फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या माणसाच्या होतात. सगळीकडं पाणी होतं, वरून पाऊस पडत होता, आणि त्या पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी कोरडी धूळ होती. चैत्रातली असते तशी. पावसाचा एक थेंब तिच्यावर उमटत नव्हता.  आईची आठवण येऊन मी लहान पोरीसारखी रडू लागले.

"कुनी म्हनली?" नवसाबाईंनी विचारलं. त्याही वाकलेल्याच होत्या. त्यानंतरचं सगळं बोलणं आम्ही तसंच, पाण्याकडं तोंड करून बोललो.

"मी," मी म्हटलं.

"कुटनं शिकलीस?"

"धोंडाबाईच्या घरातनं, आनखी कुटनं," रांगेच्या त्या टोकाकडून चिंधाबाई बोलली.  "जिनं हाक मारली तिच्याच घरात ही ओवी असनार. इतकी वर्सं लपवून ठेवली व्हती."

"नाही," मी म्हटलं. "ही माझ्या आईच्या—"

मनगटावरची पकड अशी आवळली गेली की माझा शब्दच तुटला.

"मी शिकवली," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्याच घरातली हाय. माझ्या सासूनं मला दिली, मी हिला दिली. पोरीला कायबी म्हाईत न्हाई."

मला काही उमजेना. कालपर्यंत हीच बाई त्या डागापायी जळत होती. दोन दिवस आधी वाल भिजवले, दारात हात जोडून उभी राहिली, कशासाठी? आणि आता सगळ्यांसमोर, त्या मागं उभ्या असलेल्यासमोर, तोच डाग स्वतःच्या हातानं घरावर फासून घेत होती. तेही खोटं बोलून.

"ऐकलंत?" चिंधाबाई म्हणाली. "आपल्या तोंडानं बोलली."

नवसाबाईंनी तिला उत्तर दिलं नाही. "बायांनो, निघा," त्या म्हणाल्या. "म्होरनं निघा. मागं बघायचं न्हाई."

पुढं आमची लावलेली रोपं होती. ताज्या लावलेल्या रोपांवर पाय देणं कुणा शेतकऱ्याच्या बाईला जमत नाही, मूल तुडवल्यासारखं वाटतं. पण मागं जाता येत नव्हतं. बायका इरल्यांसकट उठल्या आणि आमची सकाळभराची आवणी तुडवत घराकडं धावल्या. चिखल उडत होता, रोपं आडवी होत होती. अंगणातून त्या रस्त्यावर निघून गेल्या. आमच्या चुलीवर वीस जणींचं जेवण तसंच राहिलं.

खाचरात आम्ही तिघी उरलो. आणि तो.

"हा जाईना," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"उतरायचं म्हनून उतरलाय," नवसाबाई म्हणाल्या. "परत कसा जाईल? तुडवलेल्या रोपांवरनं तुमी दोघी निघा. मी थांबते. माझ्या घरचा हाय."

 आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं.

"पोरीनं जेवायला बोलावलंय त्याला," त्या म्हणाल्या. "बोलावलंय तर वाढाया पायजे." आणि त्या रोपांमधून जपून, शक्य तितकी वाचवत, घराकडं गेल्या.

नवसाबाई आणि मी वाकून उभ्या होतो. माझी कंबर मोडून आली होती. मागचे पाय हललेले नव्हते.

"तुझं गाव कंचं?" नवसाबाईंनी विचारलं.

"घाटाखालचं हेदगाव."

त्यांनी एक लांब श्वास सोडला.  मला वाटलं, आता त्याही जातील.

"सुभानाला धाकटी भन व्हती," त्या म्हणाल्या. "भागा. तिचं तान्हं पोर पलटनीनं हिरीवर उलटं धरलं व्हतं. म्हनले, भावाला बोलीव, न्हाईतर सोडतो. धोंडाच्या घरात तवा कोनीच नव्हतं, समदी रानात व्हती. ह्या खाचरात उबं करून तिच्याकडनं हाक मारवून घेतली."

पायांच्या फटीतून मला ते धुळीचे पाय दिसत होते, जागच्या जागी. 

"आमच्या घरच्यांनी तिला लेकरासकट घाट उतरून दिली. हेदगावाला, बिजवराच्या पदरात. आन् नाव धोंडाच्या घरावर टाकलं. गानं आमच्या घरात. त्यातली हाकंची ओवी गाळली. जी सून गानं उचलनार, तिला ह्ये सांगत्यात आन् शपथ घालत्यात. शब्द मलाबी म्हाईत नव्हते, पोरी. आज ऐकले."

म्हणजे माझ्या आईची ती जेवणाची हाक भागाची होती. भावाला मारवल्यावर तिनं ती टाकून दिली नव्हती. उरलेला जन्म ती बांधावर उभी राहून तीच ओवी म्हणत राहिली असेल, माणसं येत असतील आणि जेवत असतील. तिच्या लेकीनं ती उचलली, मग लेकीच्या लेकीनं, आणि होता होता ती माझ्या आईच्या तोंडी आली. मी भागाच्या रक्ताची होते, आणि तिच्या पापाचं ओझं ज्या घरानं वाहिलं त्याच घरात सून म्हणून आले होते. आत्याबाईंना हे सगळं ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण मी 'माझ्या आईच्या' एवढं म्हणताच त्यांना मुद्द्याचं उमजलं होतं: ओवी माझ्या माहेरची, म्हणजे हाक मारणारी बाईही तिकडचीच. मला बोलू दिलं असतं तर त्यांचं घर तिथल्या तिथं धुऊन निघालं असतं, आणि तो डाग माझ्यावर आला असता. त्यांनी ते एका क्षणात तोललं, आणि मनगट आवळलं.

आत्याबाई बाजूच्या बांधावरून आल्या. त्या उलट्या चालत होत्या, पाठ कड्याकडं, हातात भरलेलं ताट. आमच्या रेषेत आल्या, आम्हाला ओलांडून मागं गेल्या. त्याच्या जवळून त्या कशा गेल्या असतील याचा विचार आजही मला सोसत नाही. ताट बांधावर ठेवल्याचा आवाज आला. मग तांब्या ठेवल्याचा.

"जेव रं दादा," त्या म्हणाल्या. "पलटन न्हाई. मी बगून आले."

मग त्या परत आल्या आणि आमच्याजवळ उभ्या राहिल्या. तिघींचीही पाठ त्याच्याकडं. आता आम्ही सरळ उभ्या होतो, इरली पाठीवर, नजर घराकडं.

"तू खोटं बोललीस, धोंडा," नवसाबाई म्हणाल्या.

"व्हय."

"तुझं घर सुटलं असतं. आज, सगळ्यांम्होरं."

"सून हाय माझी," आत्याबाई म्हणाल्या. "तिला कुटं धाडू? पुन्हा घाटाखाली?"

नवसाबाईंच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं. पाऊस होता, त्यामुळं त्या रडत होत्या की नाही ते मला सांगता येणार नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चिखलाचे हात लुगड्याला पुसले.

"भूक लागलीया," त्या म्हणाल्या. "मला वाढ."

ज्या वाक्यासाठी आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून झुरत होत्या, ते हेच. मला वाटलं, आता त्या धावत चुलीकडं जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"थांबा, बाय," त्या म्हणाल्या. "आदी त्याचं हूं द्या."

आम्ही थांबलो. मागं काही वेळ पावसाशिवाय काही नव्हतं. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. नागलीची ताजी भाकरी मोडताना होतो तो, बारीक, ओला. आणि त्यानंतर, फार दिवसांचा उपाशी माणूस ज्या घाईनं जेवतो, तसं कुणीतरी जेवत राहिलं. आत्याबाईंनी माझा हात धरला होता आणि नवसाबाईंनी आत्याबाईंचा. तांब्या खाली ठेवल्याचं ऐकू आलं. पाय पाण्यातून निघाले, बांध चढले. वर कुठं तरी एक दगड घरंगळला आणि मग काहीच नाही.

आम्ही वळून पाहिलं तेव्हा धुकं होतं. ताट पावसानं धुतलेलं होतं. भाकरी कुत्र्यानं नेली असेल असं कोंडाजी पुढं म्हणायचा. म्हणो बापडा. तो त्या वेळी खाटेवर होता.

भागाचं नाव नवसाबाईंनी चारचौघांत कधी काढलं नाही आणि आत्याबाईंनी मला काढू दिलं नाही. मी पुष्कळ भांडले. तुमच्या घरावरचा डाग तुम्ही माझ्यासाठी का ठेवता, असं एकदा ओरडूनही विचारलं. तेव्हा त्यांनी मला शेणाची पाटी उचलायला लावली.

पण त्या दुपारी नवसाबाई आमच्या ओट्यावर चढल्या, भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या आणि जेवल्या. काट्यांच्या कुपाटीपलीकडं रस्त्यावर बायका इरली पांघरून उभ्या होत्या, घरी गेल्या नव्हत्या. नवसाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं, आमच्या घागरीतलं पाणी घटाघटा प्यायल्या आणि पुन्हा भाकरीला हात घातला. थोड्या वेळानं एक बाई आत आली. तिच्यामागून दुसरी. सगळ्यांत शेवटी चिंधाबाई आली आणि दाराशीच, कुणाकडं न बघता, बसली. आत्याबाई रडत होत्या आणि वाढत होत्या.